पॉली चर्नॉफचं पुढचं चाक

पॉली चर्नॉफ पडली आणि सगळ्या गावाला तोंड फुटलं. पोस्टात, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या दारात, जिथे जावं तिथे एकच पालुपद. वय झालं हो तिचं. साठीला आलेल्या बाईने डोंगरावरून सायकल खाली सोडायची असते का? बेकरीतली ऑड्री तर मला तोंडावर म्हणाली, "लूसी, नाचता येईना अंगण वाकडं. पडली ती पडली, आता टायरला कशाला शिव्या घालता तुम्ही दोघी?"

"दोघी नाही," मी म्हटलं, "मी एकटीच घालतेय. ती बिचारी कुणाला काही म्हणतच नाही, तेच तर माझं दुखणं आहे."

आणि पाव न घेताच बाहेर पडले. हीच ऑड्री आदल्या हिवाळ्यात स्वतःच्या दारातल्या पायरीवरून घसरली होती. तेव्हा बर्फाला शिव्या मोजत होती. तेव्हा नाही कुणी तिचं वय काढलं! आपला तो अपघात आणि दुसऱ्याचा तो मूर्खपणा, ही इथली जुनी रीत आहे.

पॉली आणि मी एका बाकावर शिकलो. तिचे आईवडील नदीकाठच्या, पूर्वी धर्मापायी देश सोडून आलेल्या दुखोबोर पंथाच्या जुन्या वस्तीतले, माझेही तिथलेच. दोघींच्या घरी तेच बोर्श्टचं सार शिजायचं, त्यात बिटापेक्षा कोबी आणि साय जास्त. पुढे मी लाकडाच्या गिरणीत लागले आणि ती शाळेची बस चालवायला लागली. कूटनी नदीच्या खोऱ्यात जानेवारीत बस चालवायची म्हणजे काय खाऊ आहे? बर्फ, वळणं, वरून घसरणारे दगड आणि मागे चाळीस पोरांचा गोंगाट. पण तिच्या बसमधल्या एका पोराला कधी खरचटलं नाही. उगाच घाई करायची नाही आणि रस्ता कसा आहे ते विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तिचा स्वभाव. समोरून ट्रकवाला आला की काच खाली करून विचारायची, "पुढे कसं आहे रे?" आणि तो सांगेल त्यावर तिची चाल ठरायची.

तिला स्वतःचं मूल नाही. तिचा भाऊ फ्रेड तेलाच्या खाणीवर कामाला, महिना महिना बाहेर. त्याची बायको सोडून गेली तेव्हा त्याने आपली मुलगी ब्रिन पॉलीच्या दारात आणून ठेवली, कपड्यांच्या पिशवीसकट. पॉलीला मुलांचं एवढंच ठाऊक होतं की त्यांना बसवायचं आणि इकडून तिकडे न्यायचं. मग तिने ब्रिनलाही बसवलं. बसमध्ये नाही, सायकलवर. आणि तिच्यापायी स्वतःही शिकली, आणि मलाही ओढलं.

आमच्या गावामागच्या डोंगरावर एक जागा आहे, तिला सगळे टक्कल म्हणतात. देवदाराच्या दाट झाडीत एकदम उघडा पडलेला खडक, घराच्या छपरासारखा उतरता, आणि खाली गेल्या गेल्या दोन झाडांमधून वळण. वरून खालचा अर्धा भाग दिसतच नाही. झाडांचं पाणी तिथे झिरपत राहतं, त्यामुळे वर खडक खडखडीत आणि खाली ओला, असं नेहमीचं. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. पहिला जो उतरतो तो खाली थांबतो आणि वर ओरडून सांगतो, कोरडं आहे की ओलं. वरच्याने मग वाद घालायचा नाही, शंका काढायची नाही. ब्रेक सोडायचा आणि यायचं. आपण ज्याच्यामागून जातो त्याच्या शब्दावर आपली हाडं असतात. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही कळते.

ब्रिन लहान होती तेव्हा पॉली पुढे जायची. खाली उभी राहून ओरडायची, "कोरडं! ये माझ्या राणी!" नाहीतर "ओलं! उतर आणि चालत ये!" पोरगी कधी कुरकुरली नाही. पुढे पोरगी आत्यापेक्षा वेगवान झाली, मग क्रम उलटला. ब्रिन पुढे, पॉली मागे, आणि मी सगळ्यात शेवटी, देवाचं नाव घेत. ब्रिन ओरडायची, पॉली सुटायची. इतकी वर्षं असं चाललं.

आता टायरचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं.

आमच्या गावात लग्न मोडलं तर लोक आठवडाभर बोलतात, पण पुढच्या चाकाला कुठला टायर लावावा यावर आयुष्यभर भांडतात. मऊ रबर ओल्या दगडाला चिकटतं, पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, चढावर हलकं पळतं, पण ओल्यावर साबण. जाड कातडीचा टायर दगडाने फाटत नाही, पण चढ चढताना जीव काढतो. आणि आमच्याकडच्या शर्यतीत चढही आपल्याच पायांनी चढायचा असतो, वेळ मात्र फक्त उताराची धरतात. म्हणून जो तो वजन वाचवायला बघतो आणि मग प्लास्टर मिरवतो. पॉलीचा नियम साधा होता. पुढे नेहमी नवा, मऊ, उंच बटणांचा टायर, बटणं म्हणजे त्यावरचे रबराचे उंचवटे. तो अर्धा झिजला की मागे. मागे गुळगुळीत झाला की कापून कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बिजागरी. "मागचं चाक घसरलं तर आपण हसतो," ती म्हणायची, "पुढचं घसरलं तर दातांचा डॉक्टर हसतो."

ती कायम एकच टायर घ्यायची, पांढऱ्या अक्षरांचा. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही. जाहिरातीने काय होतं ते बघितलंय मी.

ब्रिन मोठी झाली, शर्यती जिंकायला लागली आणि तिला दुसऱ्या एका कंपनीने करारावर घेतलं. या कंपनीची अक्षरं पिवळी. सायकलीचा खर्च त्यांचा, प्रवास त्यांचा, अंगातल्या सदऱ्यावर नाव त्यांचं. त्यांचा ट्रेव्हर नावाचा एक माणूस ब्रिनच्या मागे सावलीसारखा असायचा. दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून शुभ्र. डोंगरावर पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं मी पॉलीला तेव्हाच म्हटलं होतं.

पॉली पडली त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावची शर्यत भर पावसात झाली. भले भले टकलावर आडवे झाले. ब्रिन मात्र अशी उतरली की जणू खडकाने तिला हातावर झेलून खाली ठेवलं. पॉली खाली उभी राहून रडत होती, हसत होती, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठ्या मारत होती. पुढच्याच महिन्यात सायकलच्या दुकानात मोठा फोटो लागला. पावसात टकलावरून उतरणारी ब्रिन, आणि पुढच्या टायरवर ठळक पिवळी अक्षरं. पॉली दूध आणायला गेली तरी वाट वाकडी करून तो फोटो बघून यायची.

पुढच्या वसंतात तिचा पुढचा टायर मागे टाकायची वेळ झाली. दुकानात आम्ही दोघी गेलो. मी सवयीने पांढऱ्या अक्षरांचा काढून काउंटरवर ठेवला. ती म्हणाली, "थांब गं. तो पिवळा दाखव."

मी बटणं चाचपली. ठेंगणी होती. रबराला नख लावलं तर नखच वाकलं. "पॉली, हा वाळवंटातल्या धुळीत धावायला बरा. आपल्या ओल्या खडकावर हा काय करणार?"

"पोरगी पावसात उतरली की त्याच्यावर. तुझं नख मोठं की माझी ब्रिन मोठी?"

ब्रिन तिथेच होती. ट्रेव्हरबरोबर पोस्टरवर सह्या करत होती. पॉलीने टायर उंचावून विचारलं, "ब्रिन, टकलावर पावसात होता तो हाच का गं?"

ब्रिनने वर बघितलं. ट्रेव्हरचा हात तिच्या खांद्यावर होता.

"हो आत्या," ती म्हणाली. "हाच."

"झालं तर मग!" पॉली माझ्याकडे बघून म्हणाली. तिच्या लेखी विषय मिटला. ज्या पोरीच्या शब्दावर ती इतकी वर्षं खडक उतरली, तिने सांगितलं होतं.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघी वर गेलो. सकाळी भुरभुर पडून गेली होती. ब्रिन बाहेरगावी होती म्हणून पॉली पुढे. मी वर उभी राहून बघत होते. माझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं, आणि म्हणून कुणी वयाचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिने काहीही चुकवलं नाही. तोच वेग, तीच रेघ, तसंच मागे बसणं. ओल्याच्या कडेला पुढचं चाक आलं आणि सूचना नाही, कुरकुर नाही, नुसतं नाहीसं झालं. ती कोपरावर पडली.

कोपराचे तुकडे झाले. पट्टी, स्क्रू, सगळं घातलं. डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण सरळ व्हायचा नाही कदाचित. बस दुसऱ्याच्या हातात गेली. आणि पॉली काय म्हणत होती? "माझंच चुकलं असणार गं. पोरगी पावसात उतरते त्या टायरवर, आणि मला भुरभुरीत जमलं नाही. लोक म्हणतात ते खरं असेल, झालं माझं वय."

हे तिच्या तोंडून ऐकलं आणि मला राहवेना. तिच्यासाठी ब्रेकची वायर आणायला दुकानात गेले होते, तेव्हा त्या पोस्टरसमोर उभी राहिले. नीट बघितलं. ब्रिनचा चेहरा चिखलाने माखलेला. दात चिखलाने माखलेले. सायकलचा रंग कुठला तेही कळत नव्हतं. आणि टायरवरची पिवळी अक्षरं? नुकतीच न्हाऊन, भांग पाडून बसल्यासारखी!

मी खिशातून फोन काढला. त्या दिवशी मीही फोटो काढले होतेच. मोठा करून बघितला. टायरच्या बाजूला एकही अक्षर नव्हतं. सगळं काळंकुट्ट. आणि बटणं, ती उंच, मऊ, आमच्या ओळखीची बटणं.

आता हे काय असतं ते डोंगरावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. करारातली पोरं कंपनीचा टायर नको असला की दुसऱ्याचा चढवतात आणि त्याच्यावरचं नाव काळ्या मार्करने पुसून टाकतात. कंपनीला कळतं, पंचांना कळतं, सगळे गप्प बसतात. आम्ही तर कुणाच्या टायरवर काळं दिसलं की एकमेकींना कोपराने ढोसून हसायचो. पॉलीही हसायची. मग आम्हाला संशय का आला नाही? कारण बाकीचे सगळे करतात, पण आपली पोरगी करत नाही. इतकं साधं आहे ते. जगाची पोरं लबाड आणि आपलं तेवढं सोनं.

दुकानातल्या स्टॅनकडे मी मार्कर मागितला. सही करायची असेल म्हणून त्याने दिला बिचाऱ्याने. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि पोस्टरवरची पिवळी अक्षरं एक एक करून काळी केली.

"लूसी! अगं काय करतेस काय? कंपनीचं आहे ते!"

"दुरुस्त करतेय," मी म्हटलं. "त्या दिवशी हे असंच होतं. तुलाही ठाऊक होतं, स्टॅन. टायर जोडून तूच दिला होतास ना?"

त्याने दुसरीकडे बघितलं. मार्कर परत मागायचंही त्याला सुचलं नाही. तो अजून माझ्याकडेच आहे, आणि देणारही नाही.

त्याच आठवड्यात ब्रिन पिरोही, म्हणजे आमच्याकडच्या सारणाच्या करंज्या, घेऊन आत्याला बघायला आली. पॉली स्वयंपाकघरात एका हाताने बटाटे सोलायचा खटाटोप करत होती. मी तिथेच होते. ब्रिनने डबा ठेवला, आत्याच्या गालाचा मुका घेतला, आणि मी फोन तिच्यासमोर टेबलावर आपटला.

"बघ. ओळखीचा आहे का टायर?"

पोरीचा चेहरा उतरला. "लूसी मावशी... सगळेच करतात गं ते."

"करतात ना! तूही कर. काळं कर, निळं कर, माझ्या वाटचं हिरवं कर! जिंकायला करतेस, हाडं सांभाळायला करतेस, माझं काही म्हणणं नाही. कंपनीला फसव, कंपनी तुझ्या बापाची थोडीच आहे? पण हिने विचारलं होतं तुला. भर दुकानात, टायर हातात धरून विचारलं होतं. हिने! स्वतःला चांगला टायर आणि हिला तो साबण? केसाने गळा कापलास गं तू!"

"ट्रेव्हर उभा होता तिथे. मी काय बोलणार होते? माझा करार—"

"चुलीत घाल तुझा करार!"

"लूसी, पुरे," पॉली म्हणाली.

"पुरे काय? तू का रागवत नाहीस? तुझा हात आहे की भाड्याचा आहे तो?"

पॉलीने बटाटा खाली ठेवला. फोन जवळ ओढून तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं आता ओरडेल, निदान रडेल तरी. तिने ब्रिनकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "तोंडाने सांगायला हवं होतंस, मी म्हणत नाही तसं. पण नुसता डोळा मारला असतास गं. मला कळलं असतं."

ब्रिन हुंदके देऊन रडायला लागली. पॉलीने चांगला हात तिच्या पाठीवरून फिरवला. आम्ही तिघींनी ती पिरोही खाल्ली, वर साय घालून, आणि कुणालाही चव लागली नाही.

ब्रिनने नंतर काय केलं असं लोक विचारतात. कुठे जाऊन खरं सांगितलं का, करार फाडला का? छे! करार पुढच्या मोसमापर्यंत होता, तो तिने पाळला. स्टॅनच्या दुकानात नवं पोस्टर आलं, तसंच, पिवळ्या अक्षरांचं, आणि ते आता काउंटरच्या मागे लावलंय, माझा हात पोचू नये म्हणून. कुणाचीतरी आत्या ते बघून अजून टायर घेतच असेल. ट्रेव्हरने पॉलीला एक मोठी फळांची टोपली पाठवली, बरं का! कार्डावर लिहिलं होतं, लवकर बऱ्या व्हा आणि पुन्हा डोंगरावर या. मी ती टोपली उचलून शेजाऱ्याच्या डुकरांना घातली. पॉली म्हणाली, निदान सफरचंदं तरी ठेवायची होतीस.

ब्रिन मात्र येत राहिली, हे मला मान्य करावं लागेल. दर आठवड्याला. लाकडं फोडून द्यायची, बर्फ ओढायची, आत्याच्या हाताला व्यायाम करायला लावायची. हात खूपसा सुटला. हिवाळा संपता संपता पॉलीने बसची परीक्षा पुन्हा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. त्या दिवशी मी मुद्दाम ऑड्रीच्या बेकरीत गेले आणि दोन पाव घेतले.

जूनमध्ये ब्रिन आली ती पांढऱ्या अक्षरांचा नवा टायर घेऊन. स्वतःच्या हाताने पॉलीच्या पुढच्या चाकावर चढवला, हवा बघितली, अंगठ्याने दाबून बघितला. पॉलीने तिला कॉफी दिली. दोघी हसत होत्या. मीही मनाशी म्हटलं, चला, मिटलं. रागाला तरी किती दिवस खाऊ घालायचं?

आम्ही तिघी वर गेलो. आठवडाभर कडक ऊन होतं. ब्रिन टकलावरून पहिली उतरली, खाली झाडांपाशी थांबली आणि तिचा आवाज वर आला, लहानपणापासून येतो तसाच.

"कोरडं आहे आत्या! ये!"

पॉली कडेला उभी होती, एक पाय खाली टेकलेला. ती सुटली नाही. सायकलवरून उतरली, सायकल गवतात आडवी ठेवली, आणि तो न वाकणारा हात सांभाळत खडकावरून बसून बसून खाली सरकली, जिथून पुढचं दिसत नाही तिथपर्यंत. तिने खडकावर तळहात ठेवला. ब्रिन खालून तिच्याकडे बघत होती.

"आत्या," ब्रिन पुन्हा म्हणाली, आता ओरडून नाही, "खरंच कोरडं आहे गं."

पॉलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"लूसी," ती म्हणाली, "तू जरा बघतेस का?"

मी तिच्याजवळ सरकत गेले आणि खडकाला हात लावला. उन्हाने तापलेला, खडखडीत कोरडा होता.

"कोरडं आहे," मी म्हटलं.

मग ती उठली, पुन्हा वर चढली, सायकलीवर बसली आणि उतरली.